खिंडीच्या अलीकडे

६ फेब्रुवारी

दादा आज सायकल घेऊन आला. पुतण्याची आहे. तो शिकायला लांब गेल्यापासून दादाच्या माळ्यावर उलटी टांगलेली होती. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, बोटभर जाडीची चाकं, आणि वजन इतकं कमी की दादा ती एका हाताने उचलून जिना चढून आला.

"तुमच्या मालकांनी दातांची लॅब गावाबाहेर नेली ना? दोन-दोन बस बदलत बसण्यापेक्षा ही घे," तो म्हणाला.

"या वयात?" वहिनी म्हणाली. मग माझा चेहरा बघून घाईघाईने सावरून घेतलं, "म्हणजे रहदारी किती असते, असं म्हणत होते मी."

ती दोघं गेल्यावर सायकल खारूच्या खोलीत ठेवली. रिकामी खोली तेवढीच आहे. खारू गेल्यापासून मी तिथे फक्त धूळ पुसायला जाते. सोळा वर्षांची पोर, आणि जाताना बोलली काय, तर "आई, तू एकटी राहू शकतेस. बाबा नाही राहू शकत." आम्ही वेगळे झालो तेव्हा तिला दोघांतून एक निवडायचं होतं. तिने त्याला निवडलं आणि घाटापलीकडे त्याच्या गावी गेली. लिहून टाकलं. आता पुरे.

सायकलचं मागचं चाक हाताने फिरवलं. टिकटिकटिक करत बराच वेळ फिरत राहिलं. तोवर मी तिथेच उभी होते. चहा उकळून अर्धा झाला.

८ फेब्रुवारी

मैदानावर नेली. बसले. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. शर्यतीची सायकल म्हणे! तिच्यावर बसल्यावर नाक पुढच्या चाकावर येतं आणि पाठ मांजरीसारखी होते. क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघायला लागली.

तरी एकदा, एकदाच, झाडांच्या रांगेच्या बाजूने ती आपली आपण पळाली. मी पायडल मारतेय की नाही हे मलाच कळेना. जमीन खालून सरकत होती आणि मी होते तिथेच होते, असं काहीतरी.

संध्याकाळी खारूचा फोन. सायकलचं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"हेल्मेट आहे?"

"अगं, मैदानावर चालवली नुसती."

"हेल्मेट घेतल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नकोस. दुसरं काही घेऊ नकोस हवं तर, पण ते घे."

मास्तरीण झाली आहे. तिकडे जाऊन दुसऱ्याच्या चुका काढायची सवय लागलेली दिसते, आणि ती कुणाकडून लागली ते मला माहीत आहे.

१३ फेब्रुवारी

सायकलच्या दुकानात गेले. दुकान एका बाईचं आहे. भरदार बाई, हातभर ग्रीस, आणि बोलणं फटकळ. मी आधीच सांगून टाकलं, पगार बेताचा आहे, एकटीच्या पगारात घर चालतं, तेव्हा मला उगाच काही गळ्यात मारू नका.

"मग ऐका," ती म्हणाली, "दर पगाराला एक वस्तू घ्या. पहिली ही." आणि हेल्मेट काउंटरवर ठेवलं.

"आणि तो चष्मा? ते बूट? ती रंगीत बनियनं?"

"तुमच्याकडे घट्ट टी-शर्ट आहे ना? झालं. बूट कॅनव्हासचे चालतात, नाडी मात्र आत खोचा, नाहीतर चेनमध्ये जाते आणि तुम्ही पण जाता. चष्मा कुठलाही, डोळ्यांत किडा जाऊ नये एवढाच."

हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवून तिने ते गदागदा हलवलं. कपाळावर दोन बोटं राहतील इतकं खाली ओढलं. हनुवटीखाली पट्टा आवळला. आरशात पाहिलं तर मशरूम. तरी घेतलं. मग तिने सायकल उभी केली, मला वर बसवलं, सीट खाली केली, आणि हँडल धरणारा पुढचा दांडा काढून जुन्या सामानातला आखूड दांडा बसवला. "सायकल पुतण्याच्या मापाची होती. आता तुमच्या मापाची आहे." त्याचे पैसे घेतले नाहीत. बहुधा विसरली असावी.

चष्म्याचा प्रश्न लॅबमध्येच सुटला. दिवसभर आम्ही कवळ्या घासतो, त्या वेळी डोळ्यांवर लावायचे ते पारदर्शक गॉगल. माझ्या कप्प्यात दोन पडले होते. एक घरी आणला. फुकट.

२ मार्च

लॅबला सायकलने जायला लागून आठवडा झाला.

सकाळी निघताना रस्त्यावर दूधवाले आणि मी. दिवे अजून लागलेले असतात आणि आकाश धुतलेल्या काचेसारखं. गाव संपतं तिथे गोदामं लागतात, मग मोकळी जमीन, मग लॅबचं वळण. मी डावीकडे वळते. रस्ता मात्र वळत नाही. तो सरळ पुढे जातो, दूरच्या डोंगराकडे, आणि डोंगराच्या मधोमध एक खाच दिसते, दात पडल्यावर दिसते तशी. ती खिंड. तिच्या पलीकडे खारूचं गाव.

बसने जायचे तेव्हा हे कधी लक्षातच आलं नव्हतं. माझ्या दारातून निघालेला रस्ता न तुटता तिच्या दारापर्यंत जातो.

लॅबमध्ये दिवसभर गुलाबी मेणात दात बसवत होते. कुणा म्हाताऱ्या माणसाचे, खालची कवळी. त्याचं हसू कसं असेल याचा अंदाज बांधत बसते मी नेहमी. आज अंदाज येईना. डोळ्यांपुढे ती खाच.

९ मार्च

पंक्चर! गोदामांपाशी. पर्समध्ये ट्यूब होती (या पगाराची वस्तू: ट्यूब आणि पॅचचा डबा), पण टायर रिममधून सोडवायला प्लास्टिकच्या पट्ट्या लागतात, त्या मी घेतल्या नव्हत्या. म्हटलं, त्यासाठी कशाला पैसे? लॅबमधली मेण कापायची सुरी आहे की. टायर निघाला. नवी ट्यूब बसवताना त्याच सुरीने तिलाही भोक पाडलं.

रस्त्याकडेला बसून मी स्वतःवर हसले, मग थोडी रडले, मग परत हसले. तेवढ्यात एक सायकलवाला थांबला. पन्नाशीचा, अंगात उसवलेला तपकिरी स्वेटर. खिशातून पॅच काढून त्याने ट्यूब जोडली, पंपाने हवा भरली. मी विचारलं, तुम्ही काय करता? म्हणाला, चष्म्याचं दुकान आहे. माझ्या लॅबच्या गॉगलकडे बघून त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि बंद केलं.

"पंप ठेवा तुमच्याकडे," तो म्हणाला. "माझ्याकडून चुकून दोन घेतले गेलेत."

किती वेंधळा माणूस. पण पंप वाचला. सुरी परत लॅबच्या खणात ठेवली, आणि प्लास्टिकच्या पट्ट्या घेतल्या. दोन चहांच्या पैशांत येतात.

२३ मार्च

रविवारी चष्मेवाला आणि आणखी काही जण गावाबाहेरच्या रस्त्यावर जातात. मला बोलावलं. बाकीचे सगळे टकाटक कपड्यांतले. घोळक्याने आले आणि उडून गेले. मागे राहिलो मी आणि चष्मेवाला.

बिचारा. त्याला वेग झेपत नाही. चढ आला की तो माझ्याच बरोबरीने, कधी कधी माझ्याही मागे. मला धाप लागून शब्द फुटत नव्हता, तेव्हा तो आपला आकाशातल्या घारींबद्दल सांगत होता. बोलून बोलून दम लपवत असणार. पुरुषांना दम लागलाय हे कबूल करायला लाज वाटते. मी मुद्दाम सावकाश घेतलं, म्हणजे त्याला अवघडल्यासारखं होणार नाही.

"हळूहळू जमेल तुम्हाला," मी त्याला धीर दिला.

"तुम्ही बरोबर असल्यावर जमेल," तो म्हणाला.

परतताना घोळका समोरून आला. त्यातली दोन तरुण मुलं त्याच्याकडे बघून "सर, नमस्कार" म्हणाली. चष्म्याची गिऱ्हाइकं असतील.

२४ मार्च

बसणं अशक्य. लॅबमध्ये स्टुलावर उशी घेतली. मालकांनी विचारलं, मी म्हटलं कंबर धरली आहे. कंबर नव्हे.

दुकानवालीला फोन केला तर ती इतकी हसली की फोन लांब धरावा लागला. "पुढच्या पगाराला गादीची चड्डी. हेल्मेटनंतर तिचाच नंबर. आणि ती आतून काहीही न घालता घालायची असते, हे आत्ताच सांगून ठेवते."

हे मी कुणालाही सांगणार नाही. इथे लिहिलं एवढंच.

४ एप्रिल

खारूशी बोलणं झालं. तिला म्हटलं, कॉलेजचं काय, जेवतेस का, बाबा कसा आहे. ती म्हणते, "आई, मागे दिवा आहे का?"

"आहे."

"लाल? लुकलुकणारा?"

"हो गं."

"दिवसासुद्धा लावायचा. ट्रकवाल्याला लांबून दिसायला हवीस. आणि अंगावर गडद रंग घालू नकोस. टायरमध्ये हवा किती भरतेस?"

माझी परीक्षा घेते. स्वतःबद्दल मात्र अवाक्षर नाही. मी विचारलेल्या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर, "बरं आहे." मला वाटतं तिला आईची लाज वाटते. मैत्रिणींना काय सांगणार, माझी आई वाकून सायकल हाणते म्हणून?

शेवटी मी म्हटलं, "एखाद्या रविवारी येऊ का तुझ्याकडे?"

"ये ना. बसने ये."

बसने गेले होते एकदा, डिसेंबरात. तिच्या बाबाच्या हॉलमध्ये सोफ्याच्या कडेवर बसले. त्याने चहा केला, साखर विचारली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर साखर विचारली. खारू समोर बसून नखं कुरतडत होती. परतीची बस पकडायची म्हणून मी सारखी घड्याळाकडे बघत होते, आणि मी घड्याळाकडे बघते आहे हे ती बघत होती. पाहुणी म्हणून गेले, पाहुणी म्हणून परत आले.

फोन ठेवल्यावर खिडकीत उभी राहिले. इथून डोंगर दिसत नाही, समोरच्या इमारतीची टाकी दिसते. पण कुठल्या बाजूला आहे ते आता मला माहीत आहे.

१२ एप्रिल

स्वप्न पडलं. घाटात सगळीकडे मऊ गुलाबी मेण आणि मी त्यावरून सायकल चालवते आहे. चाकांची रेघ उमटते. मागे वळून पाहिलं तर रेघ एकच होती आणि तिच्या कडेकडेने बारीक पावलं. जाग आल्यावर पाय खरंच हलत होते, पांघरूण पार खाली गेलं होतं.

२० एप्रिल

ठरवलं. घाट चढायचा. तिच्याकडे सायकलने जायचं. मे महिन्यात, गादीची चड्डी आल्यावर.

कशासाठी, असं स्वतःला विचारून पाहिलं. माझ्या वयाच्या बायका काय काय करतात. भिशी, बागकाम, गुडघ्यांची औषधं. मीच का ही पाठ वाकवून घेते आहे? एकदा वाटतं, तिला दाखवायचं आहे की बघ, मी एकटी राहू शकते, तू म्हणालीस तशी. एकदा वाटतं, नेमकं उलटं दाखवायचं आहे.

आज सराव म्हणून घाटाच्या पायथ्याची पहिली वळणं चढून आले. चष्मेवाला पायथ्याच्या टपरीपर्यंत होता. टपरीवाल्याने मला विचारलं, "हे थांबले का आज?" मी म्हटलं, त्यांना घाट झेपत नाही. टपरीवाला चहा गाळता गाळता थांबला. चष्मेवाला म्हणाला, "खरं आहे."

परत येताना गोदामांच्या पलीकडच्या रस्त्यावर एक सायकलवाला दिसला. काय वेग! हँडलवर झोपल्यासारखा, पक्ष्यासारखा गेला. अंगात तसाच तपकिरी स्वेटर. असे स्वेटर एकेकाळी फार निघाले होते.

२७ एप्रिल

पडले.

लिहायला डाव्या हाताची दोन बोटं कामी येत नाहीत, म्हणून थोडक्यात. घाटाची तीच वळणं, उतरताना. तिसऱ्या वळणावर बारीक खडी पसरलेली होती. मी ब्रेक दाबला तो वळणातच. आधी दाबायचा असतो, वळणाच्या अगोदर. हे मला माहीत होतं आणि तरी हाताने ऐकलं नाही. मग आकाश, मग खडी, मग कानापाशी एक आवाज, प्लास्टरचा साचा फरशीवर पडतो तसा.

काही वेळ नुसती पडून राहिले. गवत हलत होतं. फार छान शांत वाटलं, तेच भीतीदायक होतं.

मनगट मुरगळलंय, मोडलेलं नाही. कोपर सोललं. डोकं शाबूत. चष्मेवाला पायथ्याहून वर कसा आला कळलं नाही. आवाज ऐकून धावत आलेल्या टपरीवाल्याने त्याला फोन केला म्हणतात, पण फोन करून टपरीवाला माझ्या पाण्याची बाटली उघडेस्तोवर हा हजर होता. त्याचा चेहरा पांढराफटक.

३० एप्रिल

हेल्मेट घेऊन दुकानात गेले. आतला फोम एका बाजूला चिरलाय, केसाएवढी चीर. वरून काहीच दिसत नाही.

"हे गेलं," दुकानवाली म्हणाली. "एकदा मार खाल्लेलं हेल्मेट परत घालायचं नाही."

"मी जोडेन. आमच्या लॅबमध्ये कवळ्या जोडते मी, अशा जोडते की सांधा सापडत नाही."

"कवळी तुटली तर माणूस चार दिवस सूप पितो," ती म्हणाली. "डोकं तुटलं तर काय पितो?"

गादीच्या चड्डीचा पगार हेल्मेटवर गेला. नवं पिवळं आहे. निघताना तिने चड्डीसुद्धा पिशवीत टाकली. म्हणे एका गिऱ्हाइकाने माप चुकलं म्हणून परत आणली होती, पडून आहे, पैसे सवडीने द्या. माप मला अगदी बरोबर बसतं. नशीब.

२ मे

खारूला पडल्याचं सांगायचं नव्हतं. पण पोरीने आवाजावरून ओळखलं.

"फोन नीट का नाही धरलास? आवाज सारखा लांब जातोय."

"हात जरा दुखावलाय."

"पडलीस."

"थोडीशी."

"हेल्मेट?"

"चिरलं. नवं घेतलं."

तिचा श्वास ऐकू येत होता. आणि फोन कट. मी परत लावला, उचलला नाही. आईला जरासुद्धा विचारावंसं वाटलं नाही, लागलं का म्हणून. हेल्मेटची तेवढी चौकशी.

१६ मे

दोन आठवडे तिचा फोन नाही. मी केला तर "नंतर बोलते." एकदा तिच्या बाबाने उचलला. म्हणाला, "जेवत नाहीये नीट. परीक्षेचं टेन्शन असेल. तू बरी आहेस ना?" मी बरी आहे म्हटलं. मग म्हणाला, "ती रोज विचारते, आईचा फोन आला होता का." आणि आला की उचलत नाही! मुलींचं हे वय असंच.

मनगट बरं आहे. लॅबमध्ये परत बारीक काम करायला लागले. संध्याकाळी सायकल पुसते. चेनला तेल घालते, थेंब थेंब, एकेका कडीला, आणि जास्तीचं जुन्या मोज्याने टिपून काढते. टिकटिक ऐकत बसते. चाकाच्या तारांतून खिडकीचा उजेड भिंतीवर फिरतो, खारूच्या जुन्या फोटोंवरून जातो, कपाटावरून जातो, परत येतो.

२३ मे

परवा रविवारी जाते. कुणाला सांगितलं नाही, फक्त वहिनीला, कारण कुणाला तरी सांगून जावं. वहिनीने कपाळाला हात लावला. "खारूला कळवलंस?"

"नाही. कळवलं तर बसने ये म्हणेल."

"आणि तू गेलीस आणि ती भेटलीच नाही तर?"

याचा विचार मी केला नव्हता असं नाही. दार उघडून ती म्हणाली, "कशाला आलीस," तर? घाट चढणं त्यापुढे काहीच नाही.

२५ मे

खारूच्या खोलीत बसून लिहिते आहे. तिच्या बाबाच्या घरातल्या. दुपार आहे, ती आंघोळीला गेली आहे. सगळं क्रमाने लिहायचं ठरवलंय, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

उजाडायच्या आत निघाले. पाठीच्या खिशात केळी, उकडलेले बटाटे, ट्यूब, पट्ट्या. दांड्याला पाणी आणि पंप. मागे लाल दिवा लुकलुकत. चष्मेवाला पायथ्यापर्यंत बरोबर होता. टपरीवर म्हणाला, "मी इथूनच परत. इथून पुढे तुमचा रस्ता." मला त्याचं वाईट वाटलं. म्हटलं, पुढच्या वर्षी तुम्हालाही नेईन वर. त्याने मान डोलावली आणि चष्मा पुसत बसला. मी पहिल्या वळणावरून खाली पाहिलं तेव्हा तो अजून पुसतच होता.

घाटात धुकं होतं. सगळ्यात हलक्या गिअरवर टाकून मी चढत राहिले. सुरुवातीला पाय दुखले, मग दुखायचे थांबले, मग पाय माझे राहिलेच नाहीत. धुक्यातून कठड्याचे पांढरे दगड एकेक करून येत होते आणि मागे जात होते. कुठल्यातरी झाडावर एक पक्षी तोच तोच प्रश्न विचारत होता. मला वाटायला लागलं की मी फार दिवसांपासून इथेच चढते आहे, लॅब आणि घर हे मधे कधीतरी पडलेलं स्वप्न, आणि खिंड नावाचं काही नाही, नुसता हा चढ आहे, आणि तो छान आहे.

पडले होते ते वळण मागे गेलं. खडी तशीच होती. चढताना ती काही करत नाही.

धुकं विरळ झालं तेव्हा वरून पहिली बस आली. हॉर्न. मी कडेला सरकले. बस गेली, आणि खालच्या वळणावर ब्रेकचा लांबलचक आवाज आला. म्हटलं, बंद पडली. मग माणसांचे आवाज, दार आपटल्याचा आवाज, आणि मग,

"आई! ए आई! थांब!"

मागे वळून पाहिलं असतं तर तोल गेला असता. "थांबता येत नाही!" मी ओरडले. खरंच येत नव्हतं. त्या चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा बसून निघणं मला जमत नाही.

पळत पळत ती माझ्या बाजूला आली. खांद्यावर पिशवी, केस विस्कटलेले. आणि मग पळायची गरजच उरली नाही. माझा वेग इतका होता की ती शेजारून आरामात चालू शकत होती. खालून बसने हॉर्न दिला, ती मागे न बघता हात हलवून "जा, जा" म्हणाली.

"कुठे निघाली होतीस तू?" मी विचारलं. एका दमात नाही, तीन दमांत.

"तुझ्याकडे. मामीने काल फोन केला. म्हणाली तू निघणार आहेस. मला वाटलं पहाटेची बस पकडली तर तू पायथ्याशी असतानाच गाठेन आणि थांबवेन."

"थांबवायचं कशाला?"

ती चालत राहिली. मी पायडल मारत राहिले. मग रस्त्याकडे बघतच म्हणाली, "तू मला एकदाही थांब म्हणाली नाहीस. मी बॅग भरत होते आणि तू माझे कपडे घड्या करून देत होतीस."

मला वाटलं सायकल आता उलटी खाली जाणार. "अगं, तूच म्हणालीस ना, मी एकटी राहू शकते म्हणून!"

"ते तू नाही म्हणावंस म्हणून म्हटलं होतं."

एक वळण गेलं. तिने सीटच्या मागे हात ठेवला. ढकलत नव्हती, नुसता ठेवला होता.

"नाही राहू शकत," मी म्हटलं. "म्हणजे राहते. पण नाही राहू शकत."

"बरं," ती म्हणाली.

तिचे डोळे लाल झाले होते, नाकही. घाटातल्या बसमध्ये तिला लहानपणापासून गाडी लागते. मी म्हटलं, पाणी पी. तिने माझ्या दांड्यावरची बाटली काढून घेतली आणि मला आधी पाजलं, चालता चालता, तोंडाशी धरून.

अशा आम्ही खिंडीत पोहोचलो. सायकलवरून एक आणि पायी एक, बरोबरच. पाय टेकले आणि मी कठड्यावर बसले. दोन्ही बाजूंना उतार. मागे माझं गाव धुक्यात बुडालेलं, पुढे तिचं उन्हात. एकाच वाऱ्याने दोन्हीकडून माझे केस उडत होते. बटाटे खाल्ले. तिने सायकलचे टायर दाबून पाहिले, ब्रेक दाबून पाहिले, दिवा चालू आहे का ते पाहिलं. मी म्हटलं, इकडच्या कॉलेजचं पुढल्या वर्षी बघू या का? ती म्हणाली, बाबाला आता भात येतो, आणि डाळही जवळजवळ येते. म्हणजे बघू या, असंच ना? विचारलं नाही.

मग तिने पिशवीतून बसस्टँडवर घेतलेला पेपर काढला. चांगला उलगडला, दुमडला, आणि माझ्या जॅकेटची चेन खाली ओढून आत घातला, गळ्यापासून पोटापर्यंत, नीट सपाट करून.

"हे काय?"

"तू घामाने भिजलीयेस. उताराला छातीवर गार वारा लागतो. पेपर असला की लागत नाही." तिने चेन हनुवटीपर्यंत वर ओढली. "कुठेतरी वाचलं होतं. जा आता. वळणाच्या आधी ब्रेक. मी मागून येणाऱ्या बसने येते."

मी निघाले. ती खिंडीत उभी होती, आणि प्रत्येक वळणावर वर पाहिलं की दिसत होती. खाली पोहोचेपर्यंत ऊन अंगावर आलं होतं, तरी मी जॅकेट काढलं नाही. छातीशी कागद कुरकुरत होता.